तुम्ही विचारलंत म्हणून: बोलून काय झालं?

इस्रायली-पॅलेस्टिनी संवादाचा विषय काढला की प्रश्न ठरलेला: ‘इतकी वर्षं बोलताहेत, उपयोग काय झाला?’ विचारणाऱ्याला बहुतेकदा उत्तर नकोच असतं. तरी देतो.

बोलणं जमलं होतं हो. जानेवारी 1993 मध्ये नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गला दोन इस्रायली अभ्यासक आणि पीएलओ या पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे अहमद कुरेई गुपचूप बसले. पीएलओच्या माणसांना भेटणं हा इस्रायलमधला गुन्हा तेव्हा नुकताच रद्द होत होता. आठ महिन्यांत मसुदा तयार. समोरासमोर बसलं की वाट निघते, असं सांगताना मीही हाच दाखला द्यायचो.

आता तेच कागद वेगळ्या कारणासाठी दाखवतो. 9 सप्टेंबरची दोन पत्रं शेजारी ठेवा. पीएलओचे प्रमुख अराफात लिहितात, इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षित नांदण्याचा हक्क आम्हाला मान्य, हिंसा सोडली, पीएलओच्या सनदेतली इस्रायलविरोधी कलमंही बदलू. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचं उत्तर जेमतेम वाक्यभर: पीएलओ ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी, तिच्याशी वाटाघाटी करू. एकानं देश मान्य केला, दुसऱ्यानं समोर कोण बसणार एवढंच. मग 13 तारखेचा, ऑस्लो म्हणून ओळखला जाणारा करार. जेरुसलेम, निर्वासित, व्याप्त भागातल्या इस्रायली वसाहती, सीमा सगळं पुढे ढकललं, मधली मुदत पाच वर्षं. त्या काळात वसाहती वाढवू नका, असं कलमच नाही. आणि कलम 15: वाद मिटला नाही तर लवाद, पण दोघांची संमती असेल तर. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याचाच होकार आधी. बांधाच्या भांडणातही असा कागद कुणी करत नाही.

म्हणून मी म्हणतो, बोलणं नाही, कागद फसला. पण 1994 च्या फेब्रुवारीत हेब्रोनच्या मशिदीत गोल्डस्टीन या ज्यू वसाहतवाल्यानं 29 जण मारले, एप्रिलमध्ये हमास या कराराविरोधी पॅलेस्टिनी संघटनेचे बसस्फोट झाले, पुढच्या वर्षी राबिनना एका ज्यूनंच गोळ्या घातल्या. कुठलं कलम आडवं आलं असतं? इथे माझं घोडं अडतं.

आपलं माणूस गमावलेल्या दोन्हीकडच्या घरांचा 1995 पासूनचा गट मात्र अजून भेटतो. अडचण आधी जागेची. इस्रायली नागरिकाला ‘अ’ क्षेत्रात, म्हणजे वेस्ट बँकच्या पॅलेस्टिनी ताब्यातल्या शहरांत, मज्जाव, पॅलेस्टिनीला इस्रायलमध्ये यायला लष्करी परवाना. मग बेथलेहेमजवळच्या बैत जाला गावाच्या कडेला, दोघांना पोचता येईल अशी जागा शोधायची. बोलणं हिब्रूत घसरलं की पॅलेस्टिनी आईला आपलं दुःख परक्या भाषेत सांगावं लागतं, म्हणून दुभाष्या हवा, तोही वाक्यागणिक. वेळ दुप्पट जातो. आणि भेट इस्रायलमध्ये असली, तर परवान्यावर परतायची वेळ लिहिलेली असते.