बोअरच्या पाण्यातले मल्टी : पाचवा महिना

दिवाळीनंतर काही लिहायला जमलंच नाही, पण आता लिहिण्यासारखं झालंय. मल्टीची दुसरी बॅच बाहेर आली! काल रात्री टॉर्च लावून मोजली तर ११ पिल्लं नक्की दिसली, बारावं होतं की पहिलंच फिरून परत आलं ते काही कळेना.

नवीन लोकांसाठी सांगतो, मल्टी म्हणजे निओलॅम्प्रोलोगस मल्टीफॅसिएटस, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला, गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहणारा, सिक्लिड कुळातला छोटा मासा. नर जेमतेम दीड-पावणेदोन इंच, मादी त्याहून लहान. अंडी शंखात, पिल्लं शंखात, झोप शंखात, सगळा संसार तिथंच.

याआधी दोन वर्षं मी ब्लू रॅम या माशाच्या मागे होतो. रॅम पडला दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको खोऱ्यातला, त्याला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी पाहिजे, आणि आमच्या सांगलीतल्या बोअरला पीएच ८.२, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८०० च्या वर, बादलीला आठ दिवसांत पांढरा थर चढतो. मग आरओचे कॅन वाहून आणा, बदामाची पानं टाका, रोज पीएच बघा. तीनदा अंडी घातली आणि तिन्ही वेळा दोन दिवसांत पांढरी पडली, लई वाईट वाटायचं. शेवटी ठरवलं की पाणी बदलत बसायचं नाही, या पाण्याला चालेल तो मासा आणायचा. टांगानिकाचं पाणीच पीएच ९ च्या आसपास आणि क्षारांनी जड, म्हणून तर तिथं मेलेल्या गोगलगाईंचे शंख विरघळत नाहीत, तळाला खच साचून राहतो आणि या माशांना आयती घरं मिळतात. बोअरचं पाणी एक दिवस टबात एअर स्टोन लावून ठेवतो आणि थेट टाकीत, बास.

टाकी दोन फुटी, स्पंज फिल्टर, चाळून धुतलेली बारीक वाळू दोन इंच. वाळू पाहिजेच कारण हे मासे दिवसभर तोंडाने वाळू उपसून शंख हवा तसा पुरून घेतात. शंख विकत नाही घेतले, नदीकाठच्या मळीत उन्हाळ्यात रिकामे मिळतात ते गोळा करून आणले, आईने जुनं पातेलं काढून दिलं त्यात दोनदा उकळले आणि आठवडाभर पाणी बदलत भिजत ठेवले, कारण शेतात फवारणी असतेच. ६ मासे पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने आले, शंख ठेवले २०. माशांपेक्षा घरं जास्त ठेवा, भांडणं निम्म्यावर येतात.

आता पहिल्या बॅचला माझं काय चुकलं ते. पिल्लं दिसली की मला राहवेना, एक शंख उचलून पाच लिटरच्या डब्यात पालथा केला, ९ पिल्लं निघाली, म्हटलं वेगळी वाढवू. दहा दिवसांत ३ उरली. उरलेला आर्टेमिया (पिल्लांना खायला घालायचा कोळंबीसारखा बारीक जीव) तळाला कुजत होता, त्यात पीएच ८ च्या वर असला की अमोनियाचं विष जास्त चढतं, तेवढ्याशा पाण्यात ती टिकणार कशी. आणि शंख हलवला म्हणून त्या मादीचं घर गेलं, चार दिवस ती हीटरमागे वरच्या कोपऱ्यात उभी होती, शेपटी फाटलेली. ते बघून जे वाटलं ते सांगता येत नाही. मोठ्या टाकीत जी राहिली होती ती मात्र सगळी धडधाकट.

म्हणून या वेळी हात घातलाच नाही. मल्टी आपली पिल्लं खात नाहीत, आधीच्या बॅचची पोरं पण तिथंच राहतात, कुणी कुणाला हाकलत नाही. पिल्लू पाच-सहा मिलिमीटरचं, काचेसारखं, शंखाच्या तोंडाशी वाळूवर टेकलेलं असतं. मी जवळ गेलो की आधी आई आत सरकते, मग एकेक पिल्लू शेपटीकडून मागे मागे जातं, आणि मिनिटभराने सगळ्यात आधी आईचा निळसर डोळा बाहेर येतो.

खाण्याला सकाळ-संध्याकाळ ताजा आर्टेमिया. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, आर्टेमियाची अंडी, उलटी बाटली, एअर पाइप, २८ डिग्री, २४ तासांत फुटतो. हवा बंद करून खाली टॉर्च लावायची, टरफलं वर तरंगतात, जिवंत केशरी ढग खाली जमतो, तेवढाच पाइपने ओढून गाळून घ्यायचा. ड्रॉपरने शंखाच्या तोंडाशी सोडला की पाच मिनिटांत पोटं केशरी दिसतात. वाढ मात्र अगदी सावकाश, पहिल्या बॅचची पोरं अडीच महिन्यांत सव्वा सेंटिमीटरची झालीत, आत्ता कुठं अंगावर पट्टे उमटायला लागलेत. घाई असणाऱ्याने हा मासा घेऊ नये.

आता काळजी एप्रिल-मेची. गेल्या वर्षी दुपारी टाकी ३२ वर गेली होती आणि यांना २५-२६ बरं. झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन लावला की दोन-तीन डिग्री उतरतं, पण मग पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात, तेव्हा भर घालायला तेवढं आरओचं पाणी ठेवणार आहे. कॅन अजून माळ्यावर आहेत, उद्या काढून धुतो.