रत्नाकर वाचून गाणं येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही येत. माझ्या फडताळात 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा जुना संस्कृत ग्रंथ दिसला की शिकवणीला येणाऱ्या मुलांचे पालक हटकून विचारतात, "हे वाचून गाण्यात फरक पडतो का हो?" आत 264 राग आहेत. भैरव, तोडी, हिंदोल ही नावं ओळखीची, पण आज कुणी ते तसे गात नाही.

मग वाचतो कशाला? तर तो लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवासाठी. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, आणि हा तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, सिंघण यादवाच्या पदरी, हिशेबाच्या दप्तरावर. वैद्यकही जाणणारा. सात अध्यायांचा ग्रंथ लिहायला बसला आणि स्वरांची गोष्ट कुठून सुरू केली, तर आईच्या पोटातल्या गर्भापासून! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चार पानं उलटून पुढे पळालो होतो. सा कुठाय, रे कुठाय? इथे हाडं, नाड्या, चक्रं. हृदयातल्या बारा पाकळ्यांपैकी काहींवर जीव असला की गाणं साधतं, काहींवर असला की बिघडतं, म्हणे. (आमच्याकडे खापर सर्दीवर फुटतं.)

पुढे कधीतरी त्याची गोम ध्यानात आली. नाद देहातून उठतो, प्राण आणि अग्नी यांच्या संयोगातून; म्हणून आधी देह सांगायचा. हृदयात मंद्र म्हणजे खालचे स्वर, कंठात मध्य म्हणजे मधले, मस्तकात तार म्हणजे वरचे. हे मी आता मुलांना छातीवर हात ठेवून खर्ज लावायला सांगतो तेव्हा रोज आठवतं. मला त्याची सर्वांत आवडती कबुली वेगळीच आहे. योगी ज्याची उपासना करतात तो अनाहत, म्हणजे आघाताशिवाय उमटणारा, नाद मुक्ती देतो खरा, पण त्यात रंजन नाही, असं तो सरळ सांगतो. म्हणून आपण आहत, म्हणजे आघाताने उमटणाऱ्या, ऐकू येणाऱ्या नादाकडे वळू. तो लोकांना रिझवतो आणि भवबंधही तोडतो. मोक्षाच्या गप्पा मारताना 'रंजन नाही' ही तक्रार नोंदवणारा वेदान्ती मला तरी दुसरा भेटलेला नाही.

आणि माणूस खट्याळ असावा. तिसऱ्या अध्यायात सदोष गायकांचे पंचवीस प्रकार आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, तोंड वासणारा कराली, कावळ्यासारखा कर्कश तो काकी, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी. डोळे मिटून गाणारा निमीलक! ही यादी मी वर्गात वाचून दाखवली, तर एका मुलीने शांतपणे विचारलं, "सर, मग तुम्ही?"

एक हळहळ मात्र आहे. शरीराचं वर्णन आटोपताना तो म्हणतो, विस्तार हवा असेल तर माझ्या 'अध्यात्मविवेका'त पाहा. ते पुस्तक आज उपलब्ध नाही. त्या ओळीशी मी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली आहे.