तुम्ही विचारलंत म्हणून: रोज लेन्स लावल्यानं डोळा खराब होतो काय?

"काय ओ सर, पोरगी रोज लेन्स लावत्या, डोळा खराब होतो काय?" बेळगावातल्या माझ्या डोळे तपासणीच्या खोलीत हा प्रश्न सतत येतो. विचारणारे बहुतेक आईवडील. कुणी खानापूरहून आलेले, कुणी निपाणीहून, आणि लग्न ठरायच्या दिवसांत तर जास्तच. माझं उत्तर असं आहे की नीट वापरली तर खराब होत नाही. पण डोळ्याचा पृष्ठभाग बदलतो, आणि तो बदल लेन्स लावणाऱ्याला सहसा कळत नाही. मला काळजी वाटते ती या न कळण्याची.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिनी नसते, म्हणून तर आरपार दिसतं. त्याला ऑक्सिजन मिळतो तो हवेतून, अश्रूंत विरघळून. झोपेत डोळे मिटले की पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांतून थोडाफार मिळतो. या वाटेत आपण लेन्स ठेवतो. मऊ लेन्सचा जनक ऑटो विख्टर्ले हा चेक रसायनशास्त्रज्ञ. १९६१ साली त्यानं घरच्या घरी यंत्र जुळवून ती घडवली. त्या जातीच्या लेन्समधून ऑक्सिजन जातो तो तिच्यातल्या पाण्यावाटे, म्हणजे बेतानंच. १९९० च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल हे लेन्सचं नवं द्रव्य आलं आणि ऑक्सिजन कितीतरी जास्त जाऊ लागला. जुन्या प्रकारची लेन्स रोज चौदा-पंधरा तास ठेवली तर कॉर्नियाला किंचित सूज येते. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर कडेच्या बारीक रक्तवाहिन्या आत सरकू लागतात. म्हणून घेताना रंग आणि किंमत विचारण्याआधी लेन्स कशाची आहे ते विचारा.

दुसरी गोष्ट अश्रूंची. डोळ्यावर अश्रूंचा काही मायक्रॉनचा थर असतो. वर तेलकट अंश, खाली पाणी आणि बुळबुळीत म्युसिन. लेन्स बसली की हा थर दुभंगतो, थोडा लेन्सच्या पुढं, थोडा मागं. पुढचा थर पातळ असतो आणि लवकर फुटतो. मोबाईल बघताना आपण पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतो, तेव्हा लेन्स आणखी सुकते आणि वरची पापणी दर मिटीला त्या कोरड्या लेन्सवर घासते. फेब्रुवारी ते मे इथला वारा कोरडा. उद्यमबागेच्या कारखाना वसाहतीत फाउंड्रीत काम करणाऱ्याला किंवा निपाणीत तंबाखूच्या वखारीत बसणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, कामावर चष्माच घाला. धूळ लेन्सखाली अडकली की कॉर्नियावर ओरखडे उठतात.

आता मूळ मुद्दा. कॉर्नियाचा वरचा थर पाच-सात पेशींइतका जाड, साधारण आठवड्या-दहा दिवसांत नवा होणारा. लेन्सखाली जुन्या पेशी झडणं मंदावतं. कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक, पण वर्षानुवर्षं लेन्स वापरणाऱ्यांत, विशेषतः कमी ऑक्सिजन जाणाऱ्या लेन्समध्ये, ती संवेदना बोथट होते. म्हणून "मला काहीच त्रास नाही ओ" या वाक्यावर मी विसंबत नाही. फ्लुरोसिन या रंगद्रव्याची नारिंगी पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतो. पृष्ठभाग जिथं खरवडलेला असेल तिथं हिरवे ठिपके चमकतात. मग वरची पापणी उलटून बघतो, तिथं खडबडीत उंचवटे आले असतील तर लेन्सवर साचलेल्या प्रथिनांचा संशय येतो. ही तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच, त्रास असो वा नसो.

लेन्स घालून झोपू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, दुपारच्या डुलकीसाठीसुद्धा. फक्त दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या १०,००० जणांत वर्षाला साधारण २ ते ४ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग होतो. रात्रीही ठेवणाऱ्यांत हा आकडा २० च्या आसपास जातो. पाण्याचंही तसंच. राकसकोप धरणाचं नळाचं असो, बोअरचं असो की फिल्टरचं, लेन्स किंवा डबी त्यानं धुवायची नाही, कारण त्यात अकांथअमीबा हा डोळ्यांना साध्या नजरेनं न दिसणारा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याचा संसर्ग बरा व्हायला महिनोन्‌महिने लागतात. विहिरीत पोहायला उतरायच्या आधी लेन्स काढा. डबी रोज ताज्या सोल्युशननं खंगाळून उपडी वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती नुसती ठेवून वाळत नाही, स्वच्छ टिश्यूनं आतून पुसा आणि तीन महिन्यांत बदला. ज्यांना हे सगळं जमत नाही त्यांनी रोज फेकायच्या लेन्स घ्याव्यात. महाग पडतात, पण माझ्या मते सणासमारंभापुरती लेन्स लावणाऱ्या मुलींना त्याच बऱ्या.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि परत घालू नका. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून थेंब आणून घालू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर संसर्ग बळावतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. जंतू कोणता ते त्यांवरून शोधता येतं.