तीन कोटेशनं आणि एक पोथी

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते, जे काम कुणालाच नको असतं ते फिरत फिरत आपल्याच टेबलावर येतं. माझ्याकडे असा कला मेळावा आला. मी मराठी शिकवते, मूळची कोल्हापूरकडची, लग्नानंतर सिंधुदुर्गात आले, आणि इथल्या कलांबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे सावंतवाडीची लाकडी आंबे-केळी लोक शोकेसमध्ये ठेवतात एवढंच (ती पांगाऱ्याच्या लाकडाची करतात, म्हणून इतकी हलकी, हेही मला पोरांनीच सांगितलं). वरून निरोप आला की मॅडम, पोरं सगळं करतील, तुम्ही फक्त मीटिंगला बसा. तर मी बसले. त्या बसण्यातलाच हा एक शनिवार.

प्लॅन पोरांचा होता आणि चांगला होता. कॉलेजच्या ग्राउंडवर एक दिवसाचा मेळावा, आजूबाजूच्या गावांना खुला, तिकीट नाही. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, लाकडी खेळणी, पिंगुळीची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, संध्याकाळी दशावतार, आणि खायला बचत गटांचे स्टॉल म्हणजे घावणे, खाजा, खटखटे लाडू. सेक्रेटरी टीवायची मालवणची पोरगी, आवाज असा की माईक लागत नाही. खजिनदार एसवाय बीकॉमचा, घरी किराणा दुकान, त्यामुळे हिशोब तोंडावर. आणि आयटीचा एक पोरगा ज्याने अख्ख्या दिवसाची एक्सेल शीट बनवली होती, प्रत्येक कलेला वेगळा रंग, पंधरा-पंधरा मिनिटांचे स्लॉट. दिसायला खरंच सुंदर शीट.

तारखेचा घोळ आधीच होऊन गेला होता. पहिली तारीख पक्की केली, बॅनरचं डिझाइनसुद्धा फायनल झालं आणि मग आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख जाहीर झाली, नेमकी तीच. ही जत्रा कॅलेंडर बघून कळत नाही, भराडी देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवशी अख्खा जिल्हा आणि मुंबईहून आलेले चाकरमानी तिकडे असतात. मी म्हटलं थोडे लोक तरी आपल्याकडे येतील की, तर सगळी पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली की मी गप्प बसले. तारीख बदलली.

तर त्या शनिवारी पोरांनी कलाकारांना भेटायला बोलावलं होतं. पिंगुळीच्या गुढीपूरहून चित्रकथी सांगणारे एक वयस्कर काका आणि त्यांचा पुतण्या, सावंतवाडीहून गंजिफा रंगवणाऱ्या एक ताई, आणि एका दशावतार कंपनीचे मालक. प्रोजेक्टरवर एक्सेल लागली. पोरगा समजावत होता, अकरा ते सव्वाअकरा चित्रकथी, सव्वाअकरा ते साडेअकरा बाहुल्या, मग पुढे असंच. काका चष्मा काढून पुसून परत लावून बघत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"पोरांनो, पंधरा मिनटात राम अयोध्येच्या भायर सुद्धा पडाचो नाय."

सगळे हसले, पण ते हसत नव्हते. पुतण्याने पिशवीतून पोथी काढली. मी चित्रकथी फोटोत बघितलेली, म्हणजे एक फ्रेम, भिंतीवर. पोथी म्हणजे सुट्ट्या कागदांचा गठ्ठा असतो, एका गठ्ठ्यात एक कथा, रामायणातली किंवा महाभारतातली, आणि सांगणारा समोर बसून एकेक चित्र उभं धरतो आणि गात गात पुढची गोष्ट सांगतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य. चित्र संपलं की ते मागे, पुढचं वर. एकेकाळी सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता ह्या लोकांना, देवळात उत्सवात कथा व्हायच्या. काकांचं म्हणणं साधं होतं, पोथी उघडली की कथा पुरी करूक व्हयी, अर्ध्यार मिटूची नाय. आयटीवाला म्हणाला, ठीक आहे, मग काका किती वेळ धरू? काका म्हणाले, बसतत कोण तेच्यार आसा. आता हे एक्सेलमध्ये कसं टाकणार! पोरगा चिडला, म्हणजे अगदी लाल झाला, कारण एक सेल हलवली की खालचं सगळंच हलणार होतं, तो लॅपटॉप बंद करून बाहेर जाऊन उभा राहिला.

दशावतारवाल्यांचं काय होईल ह्याची मला जास्त धास्ती होती. दशावतार रात्रीचा खेळ, लिहिलेली संहिता नाही, रंगपटात बसून कथा आणि पात्रं ठरतात आणि संवाद स्टेजवरच सुचतील तसे, बायकांची कामंही पुरुषच करणार, आणि हे सगळं पहाटेपर्यंत. आणि आमच्याकडे रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, नियमच आहे, सकाळी 6 पर्यंत. राज्य सरकार वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं पण ते दिवस सणांना जातात, कॉलेजच्या मेळाव्याला कोण देतंय. सेक्रेटरी हळूच म्हणाली, काकानू, संध्याकाळी लवकर जमेल का? मालक लगेच हो म्हणाले! जत्रांचा सीझन, त्याच रात्री अकराला त्यांना दुसऱ्या गावच्या जत्रेत रंगपट लावायचा होता, त्यांनाच लवकर सुटायचं होतं. ज्यावर आम्ही आठवडाभर ग्रुपवर भांडलो ते पाच मिनिटांत मिटलं.

मग पैशाचा विषय निघाला. खरं म्हणजे निघाला नाही, गंजिफावाल्या ताईंनी काढला. पोरांनी पत्रात लिहिलं होतं, शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि प्रवासखर्च. ताई म्हणाल्या, "मी दिवसभर इथे बसून रंगवून दाखवते, पण त्या दिवशी घरी काम होत नाही, ते कोण देणार?" आवाज अजिबात चढला नाही. कुणीतरी मागून म्हणालं की पब्लिसिटी होईल ना तुमची, आणि मला वाटलं की आता आपण बोलायला पाहिजे, पण त्याआधी खजिनदारच बोलायला लागला. त्याने ताईंना विचारलं, दशावतारी गंजिफात पानं किती? 120. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी. सगळी गोल, सगळी हाताने. तो फळ्यावर गेला. एका पानाला नुसता अर्धा तास धरला तरी साठ तास, दिवसाला आठ तास बसलं तरी साडेसात दिवस, आणि हे फक्त रंगवायचं, त्याच्याआधी चिंचोक्याची खळ लावून पानं तयार करायची ते वेगळंच, वरून लाख. मग त्याने बाजूला डेकोरेशनवाल्याचं कोटेशन लिहिलं, फुलांची कमान आणि सेल्फी पॉइंट. तो आकडा तिन्ही कलाकारांना मिळून जे द्यायचं ठरलं होतं त्याच्यापेक्षा मोठा होता. फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी.

एक मिनिट कुणीच काही बोललं नाही, आणि मग सगळी एकदम बोलायला लागली. सेल्फी पॉइंट हवाच म्हणणारी पोरं होती आणि त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही, इन्स्टावर फोटो गेले नाहीत तर तरुण पोरं येणार नाहीत हे खरंच आहे. पण भांडण जोरात झालं, मालवणी आणि प्रमाण मराठी मिक्स, आणि कलाकार मंडळी शांतपणे चहा पीत बघत होती. शेवटी सेक्रेटरीने स्वतःच्या हाताने कमान खोडली. ती म्हणाली, सावंतवाडीच्या राजवाड्याने सत्तरच्या दशकात, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी, ही गंजिफा जवळजवळ संपत आलेली असताना म्हाताऱ्या चिताऱ्याकडून शिकून परत उभी केली आणि आपण त्याच गावच्या ताईंना नारळ देणार? हे तिला कुठून माहीत होतं काय माहीत, मी तरी वर्गात शिकवलं नव्हतं. सेल्फी पॉइंटचं शेवटी असं ठरलं की लाकडी खेळण्यांच्या स्टॉलमागे एक जुनी रंगीत साडी लावायची. झालं, फुकट.

ताई मग खुलल्या. पोरांना गंजिफा खेळायचा होता आणि नियम कुणालाच येत नव्हते. त्या म्हणाल्या, दिवसा बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णाचा. आयटीवाला तोपर्यंत आत आला होता, गपचूप लॅपटॉप उघडून बसला होता, थोड्या वेळाने त्याने स्क्रीन फिरवून दाखवली. चित्रकथीच्या रांगेत वेळेच्या जागी टाइप केलं होतं, "कथा संपेपर्यंत". काकांनी वाचलं आणि मान हलवली.

एवढं सगळं झाल्यावर वाटलं आता सुटलो, तर ऑफिसने नियम दाखवला. अमुक रकमेच्या वरचा खर्च असेल तर तीन कोटेशनं हवीत आणि लेटरहेडवर बिल. खुर्च्यांना तीन कोटेशनं समजू शकतो. चित्रकथीला? खजिनदाराने अर्ज लिहिला, मी फक्त शुद्धलेखन तपासलं, त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: "सदर कला पिंगुळी गावातील ठाकर समाजातील कुटुंबे सादर करतात, तीन कोटेशने मागवल्यास तिन्ही एकाच वाडीतून व एकाच भावकीची येतील, तरी कृपया सूट मिळावी." दोन दिवस तो अर्ज कुठल्यातरी फायलीत होता, मग सही झाली. बिलाऐवजी व्हाउचर चालेल असं ठरलं, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, आणि मेळाव्याच्या दिवशी तो पोरगा खिशात स्टॅम्प घेऊन फिरत होता आणि पैसे कार्यक्रमाच्या आधी देत होता, नंतर नाही. हे त्याला दुकानात शिकवलं असावं, कॉलेजात तरी माझ्या बाबतीत कुणी असं केलेलं नाही.

मेळावा झाला, बरा झाला, दुपारी दोनदा लाइट गेली. चित्रकथी सकाळी अकराला सुरू झाली, सीताहरणाची कथा, आणि सुरुवातीला पंधरा-वीस माणसं होती पण नंतर गर्दी वाढत गेली तसे काकाही रंगत गेले, मधली गाणी लांबली. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना. बचत गटाच्या ताया तवे गरम करून बसलेल्या, एक गिऱ्हाईक नाही, आणि कथा संपल्यावर सगळा गाव एकदम स्टॉलवर आला आणि अर्ध्या तासात घावण्याचं पीठ संपलं. त्यांनी सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिलीय, पुढच्या वर्षी कथा जेवणानंतर लावा नाहीतर आम्ही येणार नाही.