उकार, प आणि व यांच्या मधली लाल टिकली

माझं पोट टायपिंगवर चालतं. भाषांतर आणि मुद्रितशोधन, दोन्ही कामांत दिवसभर मजकूर पडद्यावर आणि हात कीबोर्डवर. त्यामुळे लॅपटॉप घ्यायची वेळ आली की प्रोसेसर, पडदा, वजन ही चर्चा माझ्याकडे नंतर येते. आधी बघते की कीबोर्डच्या मधोमध लाल टिकली आहे का, स्पेसबारखाली तीन बटणं आहेत का आणि तळाचं झाकण साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतं का. हे तिन्ही एकत्र देणारी जात म्हणजे थिंकपॅड, आधी आयबीएमचे आणि आता लेनोवोचे लॅपटॉप. पहिला हाताला लागला तेव्हापासून स्वतःसाठी दुसऱ्या जातीचं मशीन मी घेतलं नाही, घ्यावंसं वाटलंही नाही.

टिकलीबद्दल आधी सांगते, कारण मला लोक सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच विचारतात. तिचं खरं नाव ट्रॅकपॉइंट. जी, एच आणि बी या तीन कळांच्या बेचक्यात ती बसते. मी इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कळरचनेत टाइप करते, म्हणजे माझ्या लेखी ती उकार, प आणि व यांच्या मधे असते. बघणाऱ्याला ती छोटी जॉयस्टिक वाटते, पण ती जवळजवळ हलतच नाही. बोटाने किती जोर लावला आणि कुठल्या दिशेला, एवढंच तिच्याखालचे संवेदक मोजतात आणि त्या हिशेबाने कर्सर पळतो. हलकं टेकलं तर तो एकेक अक्षर ओलांडतो, रेटलं तर पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जातो.

ही कल्पना टेड सेल्कर यांची. हात कीबोर्डवरून उचलून माउसवर न्यायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि परत आणायलाही जवळपास तितकाच, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. तो वेळ वाचवायचा म्हणून निर्देशक थेट कळांच्या मधेच आणायचा, यावर त्यांनी आयबीएममध्ये जोसेफ रटलेज यांच्यासोबत काम केलं. पाऊण सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला विचारा. एका पानावर वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करायची, खाली कुठे अनुस्वार राहिलाय, मधेच एक जोडाक्षर फुटलंय, आणि दर वेळी हात उचलायचा, माउस शोधायचा, परत येऊन बोटं जागेवर बसवायची. इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं बहुतेक डाव्या हाताकडे आणि व्यंजनं उजव्या हाताकडे असतात, दोन्ही हात आळीपाळीने चालतात. त्यातला एक जागेवरून उठला की लयच मोडते. टिकलीमुळे उजव्या हाताची तर्जनी र वरून जराशी डावीकडे वळते, चूक गाठते आणि परत र वर येते. बाकीची नऊ बोटं जिथल्या तिथे.

मधलं बटण दाबून धरायचं आणि टिकली खाली रेटायची, की पान सरकतं. मोठी संहिता वाचताना मी तासन् तास असंच वाचते. डावा अंगठा बटणावर, तर्जनी टिकलीवर, आणि वाचायचा वेग बोटाच्या दाबातून येतो. चाकाच्या माउसवर पान टप्प्याटप्प्याने उड्या मारतं, इथे ते अखंड वाहतं. संगणकावर इतकं सुखाचं वाचन मला दुसऱ्या कुठल्याही साधनाने मिळालेलं नाही.

नव्याने वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कधी कधी कर्सर आपोआप एका बाजूला सरकायला लागतो. तेव्हा उलट दिशेने रेटू नका, बोट उचला. एखाद-दोन सेकंदांत टिकली आपला शून्यबिंदू पुन्हा ठरवते आणि कर्सर थांबतो. टोपीही बदलता येते: खरखरीत घुमटाची, मऊ घुमटाची, कडा उचललेली, असे प्रकार मिळतात. मी खरखरीत वापरते आणि ती झिजून गुळगुळीत झाली की नवी लावते. मात्र जुन्या मॉडेलची उंच टोपी नव्या पातळ मॉडेलवर बसवू नये, झाकण मिटल्यावर ती पडद्याला टेकते.

थिंकपॅड ७००सी १९९२च्या ऑक्टोबरमध्ये आला, १०.४ इंचांचा रंगीत पडदा घेऊन. काळ्या चौकोनी पेटीचं रूप रिचर्ड सॅपर यांनी दिलं. हे जर्मन डिझायनर मिलानमध्ये राहायचे, टिझिओ नावाचा प्रसिद्ध टेबललॅम्पही त्यांचाच. जपानी बेंटो डब्याची कल्पना त्यांच्या डोळ्यांसमोर होती: बाहेरून साधा काळा, उघडल्यावर आत काय आहे ते कळावं. त्या काळ्यात लाल टिकली त्यांनी मुद्दाम ठेवली. आयबीएममध्ये लाल रंग आणीबाणीच्या बटणासाठी राखलेला, म्हणून कागदोपत्री टिकलीला मजेंटा म्हटलं गेलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. तीस वर्षं उलटून गेल्यावरही आजचं मॉडेल लांबून पाहून ओळखता येतं, आणि त्यासाठी झाकणावरचं नाव वाचावं लागत नाही.

लेनोवोने आयबीएमचा पीसी विभाग २००५ मध्ये घेतला तेव्हा आता थिंकपॅड संपला असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत ज्यांनी हे लॅपटॉप घडवले तो चमू कामावर राहिला, आणि मी आजवर मनापासून वापरलेली दोन्ही मशीन लेनोवोच्याच काळातली आहेत.

त्यातलं पहिलं एक्स२२०, २०११चं. साडेबारा इंची पडदा, आणि मुख्य म्हणजे जुना सात ओळींचा कीबोर्ड. त्याच्या पुढच्या वर्षीपासून सहा ओळींचा, सुट्या सुट्या चपट्या कळांचा कीबोर्ड आला. एक्स२२०च्या कळांना मधे हलका खोलगटपणा आहे, बोट आपोआप मध्यावर बसतं. एस्केप आणि डिलीट या कळा दुप्पट उंच आहेत, न बघता सापडतात. झाकणाच्या वरच्या कडेला एक छोटा दिवा आहे, थिंकलाइट, तो थेट कीबोर्डवर उजेड टाकतो. तो लावायच्या दोन कळा कीबोर्डच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत आहेत: खाली डावीकडे एफएन, वर उजवीकडे पेज अप. अंधारात चाचपडून कोपरे तेवढे सापडतातच, म्हणून ही जागा. असा विचार कुणीतरी बसून केला होता हे मला दर वेळी तो दिवा लावताना जाणवतं आणि बरं वाटतं.

एक्स२२० वर आता लिनक्स आहे. कच्चे खर्डे मी त्यावर लिहिते. वेळ लागतो तो फक्त जड वेबपानं उघडायला, आणि खर्डा लिहिताना ती उघडायची नसतातच. रोजचं मुख्य काम टी४८० वर, २०१८चं मॉडेल. यात दोन बॅटऱ्या आहेत, एक पोटात कायमची आणि एक मागे काढता येणारी. मागची संपली की मशीन चालू असतानाच ती काढून दुसरी लावायची. आतली बॅटरी तेवढा वेळ भार सांभाळते. टी मालिकेत अशी बाहेरची बॅटरी पुढच्या मॉडेलपासून गेली, आणि मला वाटतं तो निर्णय चुकीचा होता. काही मिलिमीटर जाडी वाचली, त्याबदल्यात सहज बदलता येणारा भाग गेला. तिसरी वस्तू म्हणजे टिकलीवाला सुटा बिनतारी कीबोर्ड. तो मी फोनला जोडते आणि प्रवासात छोटी कामं त्यावर उरकते.

भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, तुझ्यासारखाच घेऊया, पण उघडायला मला शिकव." मला याहून चांगलं वाक्य ऐकायला मिळालं नसतं. वापरलेला टी४८० घ्यायचं ठरलं. घेण्याआधी आम्ही दोघींनी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पाहिलं की त्या सेटिंगला कुलूप घालणारा सुपरवायझर पासवर्ड लावलेला नाही ना. एखाद्या कंपनीतून निघालेल्या मशीनवर तो राहून गेलेला असू शकतो आणि मग तो काढणं महाकठीण. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे ना हेही पाहिलं, कारण याच मॉडेलमध्ये काही सातव्या पिढीचे आहेत आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत सातवी पिढी जवळजवळ नाहीच. घरी आल्यावर पहिलं काम थंडरबोल्टचं, म्हणजे यूएसबी-सीच्या वेगवान जोडणीचं, फर्मवेअर (आतलं अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करणं. जुन्या फर्मवेअरमुळे या पिढीत यूएसबी-सी चार्जिंग बंद पडू शकतं, कंपनीने त्यावर सुधारणा काढलेली आहे.

मग उघडणं. थिंकपॅडचं दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनी सगळ्यांसाठी मोफत ठेवते, तंत्रज्ञांसाठी लिहिलेलं तेच. कुठला भाग आधी काढायचा, त्यासाठी त्याआधी काय काढावं लागेल, कुठला स्क्रू किती लांबीचा, प्रत्येक भागाचा क्रमांक काय, सगळं चित्रांसह. मी भाचीला ते आधी पूर्ण वाचायला लावलं. बायोसमध्ये आतली बॅटरी बंद करायचा पर्याय असतो, तो निवडला की मशीन झोपतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत उठत नाही. मागची बॅटरी काढली. तळाच्या झाकणाचे स्क्रू सैल झाले तरी झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. बिजागरीच्या बाजूने नख घालून कड उचलली की खाचा टकटक सुटत जातात.

पहिल्या आवाजाला ती दचकली. "तुटलं का गं?"

"नाही, तो सुटल्याचा आवाज. पुढे जा."

रॅमच्या दोन खाचा, एसएसडी, पंखा, सगळं समोर. तिने रॅमची दुसरी पट्टी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी पकडली. पंख्यातली धूळ ब्रशने काढली, पंख्याची पाती बोटाने धरून, म्हणजे तो गरगर फिरत नाही. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, आता वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. झाकण बसवलं, चार्जर लावला, मशीन चालू झालं आणि पडद्यावर वाढलेली रॅम दिसली तेव्हा ती मोठ्याने ओरडली. स्वतःच्या वस्तूच्या आत काय आहे हे पाहिलेला माणूस ती वस्तू वेगळ्या हाताने वापरतो, भाचीत हे मला लगेच दिसलं. आता तिच्या मैत्रिणी आपले लॅपटॉप तिच्याकडे आणतात आणि ती आधी विचारते, "याचं मॅन्युअल कुठेय?"

या ब्रँडचं सगळंच मला पटतं असं नाही. २०१३ मध्ये टी४४०च्या पिढीत टिकलीची तिन्ही स्वतंत्र बटणं काढून टाकली आणि टचपॅडचाच वरचा पट्टा दाबायचा असं केलं. अंगठ्याला बटणाची कडच लागत नाही, मग न बघता दाबणार कसं? वापरणाऱ्यांनी जोरदार तक्रारी केल्या आणि २०१५च्या टी४५० मध्ये बटणं परत आली. २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त खास मॉडेल काढलं, त्यात सात ओळींचा कीबोर्ड आणि निळी एंटर परत दिली. म्हणजे ऐकलं जातं. ज्यांची बोटं रोज तिथे असतात त्यांनी बोलत राहायला हवं, आणि मी बोलते.

२०२४च्या मॉडेलांत एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल झाली, कंट्रोल कोपऱ्यात गेली. बाहेरून येणाऱ्यांना ते सोयीचं आहे, हे मान्य. माझ्या करंगळीला मात्र कोपऱ्यात एफएनच हवी असते. सुदैवाने बायोसमध्ये उलटापालट करायचा पर्याय ठेवलाय.

पुढचं मशीन कुठलं, याचा विचार सुरू आहे. टी१४ची पाचवी पिढी मनात भरली आहे, कारण रॅमच्या दोन्ही खाचा परत आल्यात आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी, उपकरणं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीने दहापैकी नऊ गुण दिलेत. मधल्या मॉडेलांत निम्मी रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असायची, ते मला कधीच आवडलं नाही. शंका एकच, कळांची खोली. टी४८० वर ती १.८ मिलिमीटर होती, आता १.५ आहे. त्यावर एक पूर्ण पान इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून बघितल्याशिवाय मी ठरवणार नाही.

घाईही नाही. माझ्या टी४८०ची पोटातली बॅटरी थकली आहे, ती बदलली की अजून बरीच वर्षं निघतील. नवी मागवली आहे. भाचीने सांगून ठेवलंय की स्क्रू ती काढणार, मी शेजारी बसून मॅन्युअल वाचून दाखवायचं.