बाईंनी कापलेलं भाषण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठवा, असं पत्र आलं. मैदान, पिंपळाचा पार, स्नेहसंमेलनाची धांदल, शिपाईकाकांची घंटा यांवर माझे वर्गमित्र भरभरून लिहितील. मला लिहायचं आहे ते मराठीच्या बाईंबद्दल. ‘बाई’ म्हटलं की आपल्या शाळेत कोण, हे सांगावं लागत नाही.

बाईंचा एक प्रश्न ठरलेला असे. धडा असो, वर्तमानपत्रातला अग्रलेख असो, चित्र असो की स्पर्धेतलं भाषण, त्या विचारत, “हे कुणाला पटवायचं होतं? आणि त्याला आधीपासून काय पटलेलं होतं?” या प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा, असं त्या म्हणत. वक्ता श्रोत्याच्या मनात नवं काही क्वचितच घालतो. श्रोत्याला जे मान्य आहे त्याच्याच आधाराने तो त्याला, अजून मान्य नसलेल्या गोष्टीपर्यंत घेऊन जातो. तेव्हा आधी मान्य असलेलं शोधायचं आणि मग वाट तपासायची.

नववीच्या एका जोडतासाला बाई तपकिरी लिफाफे घेऊन आल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेल्या भाषणाचा मराठी गोषवारा त्यांनी सायक्लोस्टाइल करून घेतला होता, आणि कात्रीने त्याच्या चौदा पट्ट्या कापल्या होत्या. पाच-पाच जणांचा गट, गटाला एक लिफाफा, वेळ वीस मिनिटं. पट्ट्यांवर क्रमांक नव्हते. क्रम लावायचा, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये ‘हिच्यानंतर ही का’ याचं एका ओळीत कारण लिहायचं.

त्यातली एक पट्टी जेमतेम दीड ओळीची होती. आपण इथेच थांबू शकलो असतो, पण देशाच्या भवितव्याच्या विचाराने मन इतकं भरून आलं आहे की चार शब्द बोलायलाच हवेत, अशा अर्थाची. वर्गातल्या झाडून सगळ्या गटांनी ती तेराव्या जागी ठेवली. थांबण्याची भाषा म्हणजे समारोप, असा सरळ हिशेब. बाईंनी ती उचलली आणि सातव्या जागी ठेवली, बरोबर मध्यावर. वर्गात कुजबुज सुरू झाली. उरलेला तास त्या एवढ्याच एका पट्टीवर गेला.

त्या पट्टीच्या आधी काय आहे ते पाहू. पहिल्या काही पट्ट्या हिशेबाच्या. सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी पहिल्यांदा भरली, त्याला दोन वर्षं, अकरा महिने आणि सतरा दिवस झाले. अकरा अधिवेशनं, १६५ दिवस, त्यांतले ११४ दिवस मसुद्याच्या चर्चेला. मांडण्यासाठी आलेल्या दुरुस्त्या सुमारे ७,६३५ आणि प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. शेवटी ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं. भाषणाची सुरुवात इतकी कोरडी का, असं आम्ही विचारलं. बाई म्हणाल्या, सभेत बसलेल्यांच्या कानावर कोणता आरोप होता ते बघा. सभेने फार वेळ घालवला, लोकांचा पैसा वाया घालवला, हा आरोप होता. तो तसाच सोडून पुढच्या इशाऱ्यांना हात घातला असता, तर ऐकणाऱ्याच्या मनातली ती कुरकुर भाषणभर चालूच राहिली असती.

उत्तराची रीतही बारकाईने बघण्यासारखी आहे. संविधान तयार करायला अमेरिकेला चार महिन्यांहून कमी वेळ लागला, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यापेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला, हे वक्ता आपणहून कबूल करतो. मग कलमांची संख्या आणि दुरुस्त्यांचा ढीग समोर ठेवतो. खरं असेल तेवढं आधी मान्य करून टाकलं की उरलेल्या मुद्द्यावर ऐकणारा विश्वास ठेवतो. वक्तृत्व स्पर्धेत मुलं नेमकं उलट करतात. विरोधी मुद्द्यातला एक कणही मान्य करत नाहीत, आणि परीक्षकाच्या मनात तोच कण सलत राहतो.

त्यानंतर श्रेय वाटून देणं. अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे कोणतीही आकांक्षा न धरता आपण या सभेत आलो, हे सांगून बाबासाहेब श्रेय सभेचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह रावांना, मसुदा समितीच्या सदस्यांना आणि मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जींना देतात. पाचव्या पट्टीत तर पक्षशिस्त न जुमानता वाद घालणाऱ्या सदस्यांचे नावं घेऊन आभार आहेत. त्यांच्यामुळेच कामकाज रटाळ झालं नाही, असं. इथे फळ्यावर बाईंनी मोठा चौकोन काढला आणि आत लिहिलं: ‘विरोधकाचा मान’. पुढे कठोर बोलायचं असतं तेव्हा हा मान आधी द्यावा लागतो. विरोध करणाऱ्यालाही आपण मोजलं गेलो असं वाटलं, तरच तो पुढचं ऐकायला जागेवर राहतो.

सहाव्या पट्टीत टीकाकारांना उत्तरं आहेत, आणि संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईटच ठरेल, हा विचार आहे. आणि मग सातवी पट्टी. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून असलेलं कर्तव्य इथे संपलं. सभेचे खांदे सैल झाले. त्या सैल क्षणी वक्ता सांगतो की आता जे बोलतो आहे ते बोलण्याची सक्ती माझ्यावर नाही. सक्तीने बोललेल्या शब्दांपेक्षा आपणहून बोललेल्या शब्दांचं वजन वेगळं असतं. बाईंनी आम्हाला ती पट्टी वगळून सहावी आणि आठवी सलग वाचायला लावली. सहावीत कलमांचा खल, आठवीत एकदम सिंधचा राजा दाहिर, महंमद बिन कासिम आणि लाच खाणारे सेनापती. कानाला धक्का बसतो, संबंध लागत नाही. पट्टी परत ठेवून वाचलं की वाक्यं आपसूक लागतात. ‘एखादा तुकडा काय काम करतो हे कळत नसेल तर तो काढून वाचा,’ हा बाईंचा नियम. अलंकार ओळखण्यापेक्षा ही कसोटी शंभरपट उपयोगी आहे.

आठव्या पट्टीपासून पोत बदलतो. आकडे संपतात आणि प्रश्न सुरू होतात. इतिहासाची पुनरावृत्ती होईल का? लोक देशाला पंथापेक्षा वर मानतील की पंथाला देशापेक्षा? आणि यावर उत्तर येतं: मला माहीत नाही. ज्याने एवढा वेळ दिवसादिवसाचा हिशेब दिला, त्याने ‘माहीत नाही’ म्हणावं, याने सभेला जी भीती वाटली असेल ती कोणत्याही विशेषणाने वाटली नसती. मग तीन इशारे, आणि तिन्हींचा भार सारखा नाही. विभूतिपूजेच्या इशाऱ्यात धर्मातल्या भक्तीला तिची जागा आधी दिली आहे, आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग म्हणून, आणि मगच राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असं म्हटलं आहे. वारकऱ्यांच्या घरातल्या मुलालाही यात कुठे दुखत नाही, कारण त्याला मान्य असलेलं आधी मान्य केलं आहे.

‘२६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. बाईंनी त्यातला ‘आपण’ खोडून ‘आम्ही’ लिहिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. अर्थ पार बदलला. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द, म्हणून मूळ भाषणात हा भेद डोळ्यांना दिसत नाही. अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागतं. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’त तो बाहेर राहतो. मसुदा समितीच्या कामाबद्दल बोलताना ‘आम्ही’ आणि देशाबद्दल ‘आपण’, असा फरक करून पुन्हा वाचा, म्हणजे वक्ता सभेला कुठल्या वाक्यापासून जबाबदारीत ओढतो ते नेमकं सापडतं. चौदाव्या पट्टीत तर तो सांगतो की आता दोष द्यायला इंग्रज उरलेले नाहीत. तिथे ‘आपण’शिवाय दुसरा शब्द चालतच नाही. कोणतंही मराठी भाषण तपासताना पहिलं काम हेच करावं: लाल पेन्सिलीने ‘आपण’, निळीने ‘आम्ही’, हिरवीने ‘तुम्ही’. रंग कुठे बदलतो तिथे थांबावं.

पुढच्या आठवड्यात तुलनेसाठी ८ ऑगस्ट १९४२ची, ‘छोडो भारत’ ठरावाची, मुंबईतल्या गवालिया टँकवरची सभा. गांधीजीही सुरुवातीलाच ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या तेरा जणांचं अभिनंदन करतात. बाईंचा तोच चौकोन पुन्हा फळ्यावर आला. ‘करेंगे या मरेंगे’ची अक्षरं मोजा म्हणाल्या. सात. दोन्ही टोकांना तोच ‘रेंगे’, मधे एकाक्षरी ‘या’. एकदा ऐकलं की दुसऱ्याला जसंच्या तसं सांगता येतं, आणि नेते पहाटे पकडले गेल्यावर सांगायला मागे तेवढंच राहिलं. पण त्याहून जास्त वेळ बाईंनी दिला तो वेगवेगळ्या गटांना केलेल्या मागण्यांना. पत्रकार, संस्थानिक, सरकारी नोकर, सैनिक, विद्यार्थी, प्रत्येकाला वेगळं सांगणं आहे. सरकारी नोकरांना राजीनामा मागितलेला नाही. आपण काँग्रेसचे आहोत हे उघड सांगा, एवढंच, आणि दाखला न्यायमूर्ती रानड्यांचा. सैनिकांना नोकरी सोडायला सांगितलेलं नाही; स्वकीयांवर गोळी झाडणार नाही हे कळवा, एवढंच. ज्याला जेवढं झेपेल तेवढंच त्याच्याकडे मागितलं आहे. सरसकट ‘त्याग करा’ म्हणणाऱ्या भाषणाला टाळ्या मिळतात, पण सभेतून उठलेल्या माणसाला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. टाळ्यांना पटणं समजू नका, हे बाईंनी किती वेळा सांगितलं असेल!

चित्रांसाठी बाईंनी चित्रकलेच्या सरांना बरोबर घेतलं. पद्धत अशी. पहिली दोन मिनिटं फक्त दिसतं ते बोलायचं, अर्थ लावायचा नाही. मग नजर पहिल्यांदा कुठे जाते आणि तिथून कुठे सरकते, ते बोटाने दाखवायचं. मग हातांत काय आहे. मग काय नाही. सगळ्यांत शेवटी हे चित्र कोण, कुठे उभं राहून बघत होतं.

अवनींद्रनाथ ठाकुरांची १९०५ची ‘भारतमाता’ घ्या. चार हात: पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र, जपमाळ. भगवं लुगडं, मस्तकामागे प्रभावलय. चार हात दिसले की बघणारा मनातल्या मनात हात जोडतो, ते चित्रकाराला वेगळं मागावं लागत नाही. ती आयती श्रद्धा तो फाळणीच्या वर्षातल्या बंगालकडे वळवतो. आता काय नाही ते बघा: शस्त्र नाही. देवीच्या हातात जिथे शस्त्र असायचं तिथे विद्या, अन्न, वस्त्र आणि साधना आली आहे. स्वदेशीच्या दिवसांत वस्त्राचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता.

त्यानंतर नंदलाल बोस यांचं १९३०चं ‘बापूजी’, दांडीयात्रेच्या वेळचं लिनोकट. सरांनी लिनोलियमचा तुकडा आणि खोदणी आणून आम्हाला करून दाखवलं. जे खोदाल ते छापल्यावर पांढरं राहतं, जे ठेवाल त्यावर शाई बसते. त्या चित्रात जवळपास सगळं ठेवलेलं आहे, म्हणजे काळं आहे. मोजक्या पांढऱ्या रेषांत काठी घेतलेला, पाऊल टाकणारा माणूस. गर्दी नाही, समुद्र नाही, मीठ नाही. शाई लावून पुन्हा पुन्हा छापता येणारं स्वस्त माध्यम निवडणं हाही पटवण्याचाच भाग आहे, कारण एकच प्रत असलेलं चित्र दिवाणखान्यात राहतं. याच नंदलालांनी १९३६ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट केली आणि १९३८ साली गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी भित्तिचित्रफलक रंगवले: ढोल वाजवणारा, शिवणकाम करणारा, सुतार. अधिवेशनाला आलेल्या खेडुताला मंडपाच्या वाटेवर आपल्यासारखाच माणूस रंगात दिसला. हे अधिवेशन तुझं आहे, असं लिहिलेला फलक मग लागतच नाही.

आमच्या चुका बाई वहीच्या समासात लिहीत. ‘वक्ता भावनेला हात घालतो’ असं लिहिलं की शेजारी प्रश्न: कोणत्या भावनेला, कोणत्या शब्दाने? ‘लाल म्हणजे क्रांती’ लिहिलं की: कुंकू का नाही? आपल्याला पटलेल्या भाषणाचं विश्लेषण करताना मुलं स्तुती करतात आणि न पटलेल्याचं करताना वाद घालतात; दोन्हींवर बाई काट मारत. न पटलेलं भाषण ज्यांना पटलं, त्यांच्या जागी बसून लिहा, हे त्या पुन्हा करून आणायला सांगत. ते सगळ्यांत अवघड होतं, आणि सगळ्यांत उपयोगी पडलं. आमच्या तुकडीतले तिघे वकील झाले, एकजण जाहिरातीच्या धंद्यात आहे, एकजण नगरपरिषदेत निवडून आला. भेटलो की हे पाचहीजण बाईंचंच नाव काढतात.

आता शाळाशाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणं होतं. गुणपत्रिकेत पाठांतर, हावभाव, आवाजातले चढउतार आहेत. समोर कोण बसलं आहे याचं भान, असा रकानाच नाही. इंटरनेटवरून उतरवलेलं तेच भाषण तीन मुलं बोलतात, पाचवीच्या वर्गासमोर आणि पालकसभेसमोर जसंच्या तसं. मुलं हुशार आहेत, आवाज खणखणीत आहेत. त्यांना कुणी पट्ट्या कापून दिलेल्या नाहीत, याचं वाईट वाटतं.

महोत्सवाच्या प्रदर्शनात जुने फोटो आणि ढाली मांडणार असल्याचं पत्रात लिहिलं आहे. जुन्या इमारतीतलं बाईंचं लाकडी कपाट अजून असेल, तर त्यातले तपकिरी लिफाफेही मांडावेत, समोर एक रिकामं टेबल ठेवून. मांडण्याआधी प्रत्येक लिफाफ्यातल्या पट्ट्या मोजून घ्याव्यात. चौदा हव्यात. सातवी दीडच ओळीची आहे, लिफाफ्याच्या तळाच्या घडीत अडकून राहते.