गाडीच्या तळाचा पत्रा फाटल्यावर: माझा अनुभव

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उसळलेली लोखंडी पट्टी माझ्या गाडीखाली घासत गेली. गाडी बाजूला घेऊन खाली वाकलो, ते पत्रा किती फाटला हे पाहण्यासाठी नव्हे, तर काही गळते आहे का हे पाहण्यासाठी. कारण बहुतेक मोटारींत ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या तळाला लागूनच मागे जातात आणि त्यांतली एखादी चिरली असती, तर तिथून पुढे गाडी टोइंग करूनच न्यावी लागली असती. जमीन कोरडी होती आणि ब्रेकचे पेडलही नेहमीसारखेच घट्ट लागत होते, म्हणून सावकाश गॅरेज गाठले.

गाडी लिफ्टवर चढवल्यावर पुढच्या डाव्या सीटखाली पत्रा आत दबून बोटभर फाटलेला दिसला. तळाला बळकटी देणारी आडवी चॅनेल आणि दाराच्या उंबरठ्याखालचा भाग मात्र शाबूत होता, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तेच होते. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी, म्हणजे खालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नसते. तळ, खांब आणि छत मिळूनच सांगाडा तयार होतो, त्यामुळे चॅनेल वाकली असती तर काम साध्या डेंटिंगचे न राहता मोजमापाच्या यंत्रावर गेले असते. या गॅरेजवाल्यांनी फायबरचा तुकडा चिकटवून वरून डांबरी लेप देण्याचा सल्ला दिला. पाणी त्याने काही काळ थांबलेही असते, पण लेपाखाली उघड्या राहिलेल्या पत्र्याच्या कडा गंजतच राहतात आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. मी गाडी दुसरीकडे नेली.

तिथल्या डेंटरने वेल्डिंगच्या आधी आतून गाडी मोकळी करण्यावरच बहुतेक वेळ घालवला, आणि ते योग्यच होते. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे असतात, म्हणून प्रथम बॅटरीची ऋण तार काढून काही वेळ थांबून मगच त्यांना हात लावला. सीट आणि गालिचा निघाल्यावर खरा प्रकार कळला. गालिचा वरून कोरडा लागत होता, पण त्याखालचा जाड फेल्ट मुठीत दाबताच त्यातून गढूळ पाणी निथळले. भोक बुजवून हा फेल्ट तसाच ठेवला असता, तर नवा जोड आतल्या बाजूने कुजला असता.

तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, किंबहुना त्याहूनही पातळ असतो. आत वळलेल्या कडा ठोकून सरळ करण्याऐवजी त्याने फाटका भाग कापून काढला आणि त्याच जाडीच्या पत्र्याचा, कोपरे गोलावलेला तुकडा बेतला, कारण धारदार कोपऱ्यावर ताण एकवटून तिथून पुन्हा चीर जाऊ शकते. खालचे जुने अंडरकोटिंग, म्हणजे तळाला गंजापासून वाचवणारा लेप, आधीच खरवडून काढले, कारण तापले की त्याचा विषारी धूर होतो. मग सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून जोडण्याच्या पद्धतीने) एक टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला, असे करत जोड पूर्ण केला. सलग शिवण मारली असती तर पातळ पत्रा उष्णतेने पिळवटला असता. वेल्डिंगची अर्थिंग, म्हणजे वीज परत नेणारी तार, जोडाच्या जवळच लावली होती आणि आत एक मदतनीस अग्निशामक घेऊन बसला होता. हे दोन्ही मी सांगण्याआधीच झाले होते, त्यावरूनच मला त्या माणसाचा भरवसा वाटला.

ग्राइंडिंग बेतानेच करायला मी सांगितले, कारण जोड दिसायला सपाट करण्याच्या नादात तो पातळ होतो आणि गालिच्याखालचा जोड कोणाला दाखवायचा असतो? त्यावर दोन्ही बाजूंनी एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलंट आणि खालून नवे अंडरकोटिंग दिले, मात्र पाणी निघून जाण्याची मूळची भोके लेपाने बुजणार नाहीत याची काळजी घेतली. गालिचा बाहेर असतानाच खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहिला आणि जोडावरून कोरडा कागद फिरवला. फेल्ट वाळायला मात्र वेल्डिंगपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला, आणि तोवर सीट न बसवण्यावर मी ठाम राहिलो.